मुठेतून मूठभर

मुंढव्याच्या अलीकडे,
जिथे शहर स्वतःला विसरून नदीकडे सरकतं,
तिथे मी बाटल्या भरते.
आवक, जावक, मधली टाकी.
प्रत्येकीवर वेळ, तारीख, माझी आद्याक्षरं.

शहर मला चेहऱ्याने ओळखू येत नाही,
नोंदवहीत येतं.
पावणेआठला सगळ्या पेठा एकदम आंघोळ करतात,
पाणी फेसाळतं, घाईत असतं.
दुपारी एक ते चार सुई पेंगते.
हसू नका, आलेख आहे माझ्याकडे.
एकादशी, दुप्पट खाशी ही म्हण
खरी की खोटी, तेही अमोनिया सांगतो मला.
पण मी सांगणार नाही.
गुपित राखणं हा या नोकरीतला
न छापलेला नियम.

नव्या शेडमध्ये एक पेटी आहे, कणगीएवढी.
आत समोरासमोर पत्रे: धनाग्र, ऋणाग्र.
धनाग्र मॅग्नेशियमचं.
"चंदनासारखं झिजतं," उद्घाटनाला साहेब म्हणाले,
आणि लतीफभाई खोकले.
लतीफभाई आतार. पणजोबा अत्तर विकायचे,
हे तीस वर्षं पंपावर.
"नाक खानदानी आहे," म्हणतात,
"म्हणून मला इतरांपेक्षा जास्त लागतं."

वीज सोडली की
धन झिजत जातं,
ऋण बुडबुडत राहतं.
शाळेत ही चिन्हं फक्त गणिताची होती.
इथे उभं राहून कळलं, वाण्याच्या वहीचीही आहेत.
मावळातल्या भाताने, सासवडच्या वाटाण्याने
जमिनीकडून उसनं घेतलेलं
ताटातून, पोटातून, पाइपातून
माझ्या बाटलीपर्यंत येतं,
आणि निसटलं की नदीत.
नदी ते जलपर्णीला देते,
जलपर्णी डासांना.
हिशेब मिटत नाही तिथे,
सडतो.

नत्र. स्फुरद.
कुणी ठेवलं असेल हे नाव?
फॉस्फेट म्हटलं की निविदा निघते.
स्फुरद म्हटलं की
काहीतरी ओठांवर येऊ घातलंय असं वाटतं.

बावीस रात्री काहीच नाही.
पत्र्यावर थर बसायचा, करंट पडायचा,
तुरुकमारे घरून आणलेल्या उलथन्याने खरवडायचा.
(बायकोला अजून माहीत नाही.)
तेविसाव्या रात्री तळाशी पांढरं.
मी मीठ समजले. बोटांत करकरलं.
सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर
उतरत्या कौलांची इवली घरं,
एकाला एक चिकटून,
पेठच्या पेठ.
सकाळी सगळ्यांनी जे ओतून दिलं होतं
त्यानेच पुन्हा घर बांधायला घेतलेलं.

सहाशे ग्रॅम जमायला पावसाळा गेला.
पुडी घेऊन मांजरीला गेले,
वैजनाथ घुल्यांच्या रोपवाटिकेत.
त्यांनी चिमूट नाकाशी नेली.
"वास नाही?"
"नाही."
"कशाचं म्हणालात?"
सांगितलं.
त्यांनी पुन्हा हुंगलं, या वेळी जरा लांबून.
"मग वास पाहिजे होता, मॅडम.
वास नसलेलं खत म्हणजे भेसळ."
पण शेवटच्या ओळीतल्या वांग्यांच्या बुडाशी
नखभर नखभर घातलंच त्यांनी,
हात धुतले, परत धुतले,
आणि फळीवर खडूने लिहिलं: पुणे.

लतीफभाईंना हे सांगितलं
तेव्हा ते बराच वेळ पंपाकडे बघत राहिले.
"आमच्याकडे गाडाभर फुलं उकळून थेंबभर निघायचं," म्हणाले.
"तोही कुणाला तरी भेसळच वाटायचा."

धनाग्र बदलायला झालंय.
अर्ज केलाय, फाइल वरच्या मजल्यावर आहे.
तोवर निम्मं पाणी जुन्या वाटेनेच जातं,
ते मी नोंदवते,
कमी करून नाही.

आज पावणेआठची बाटली भरली.
आवक, जावक, मधली टाकी.
शेरा या रकान्यात सहसा काही लिहीत नाही मी.
आज लिहिलं:
वांगी. चार पानं.